नारळाची कुस्ती

"मागल्या बारीला पाळना, त्येच्या आदी नाच, आन् आता कुस्त्या. ह्यो शिकतो कवा गं?"

बयाबाईनं हे सरूच्या इतकं कानाशी म्हटलं, की तिच्या मिश्रीचा वासही शब्दांबरोबर आला. सरूनं तिला कोपरानं ढोसलं आणि मांडीवरच्या सुपातले खडे निवडायला पुन्हा मान खाली घातली. ओसरीच्या मधोमध रखमाजी मास्तर बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बायकांच्या बाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि पत्र पुढं वाचायला घेतलं.

"तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा फड लागला. पहिली कुस्ती नारळाची. ती दोन लहान मुलांची लावली, जिंकेल त्याला नारळ. मग चढत चढत मोठ्या जोड्या आल्या. शेवटची कुस्ती दिवस मावळेतो चालली आणि बरोबरीत सुटली."

ओसरीवरच्या पुरुषांनी माना डोलावल्या. पहिली कुस्ती नारळाची म्हटल्यावर फड पुढं कसा रंगत जातो, हे टाकव्यात कुणाला समजावून द्यायला नको होतं. साहेबाची जात कशीही असो, फड लावायची रीत तेवढी त्याला कळते, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. शेवटची कुस्ती बरोबरीत सोडली त्याबद्दल मात्र थोडा वाद झाला. पंचानं पैसे खाल्ले असावेत, असं दोघातिघांचं मत पडलं.

मास्तरांनी पत्राचा शेवट नेहमीपेक्षा हळू वाचला. "आखितीपर्यंत परत यायचा विचार आहे. सरूने धीर धरावा."

सरूनं मान वर केली नाही. पण सुपातला हात थांबला, आणि थांबलेला हात बयाबाईला दिसला.

खांबाला टेकून सरूची सासू, कस्तुराबाई, डोळे मिटून बसली होती. मास्तर वाचत असले की तिचे ओठ हलत. म्हातारी नामस्मरण करते, असं बघणाऱ्याला वाटे. पत्र संपलं तशी ती डोळे उघडून म्हणाली, की येवढा मोठा कागद लिहिला, पण पोटाला काय खातो ते काही पोरानं कळवलं नाही. हे ती दर पत्राला म्हणत असे. मग पत्र मास्तरांच्या खिशात गेलं आणि माणसं उठली.

टाकव्याची शाळा आणि टाकव्याचं पोस्ट एकाच खोलीत होतं, आणि दोन्हींचे धनी रखमाजी मास्तर. वडगावहून टपालाची थैली यायची ती फळ्याखाली उघडायची. विलायतेचं पाकीट असलं तर मास्तर ते शाळेतच ठेवून घेत, पोरांना राजाच्या तोंडाचं तिकीट दाखवायला. पत्र तेवढं घेऊन संध्याकाळी कस्तुराबाईच्या ओसरीवर येत. भात घरात येऊन पडला, की गावाला करमणूक म्हणून एकादशीचं भजन आणि चैत्रातली जत्रा, मधे मोकळे महिने. ते महिने सरूच्या नवऱ्याच्या, महिपतीच्या, पत्रांनी भरून काढले होते. ज्यांनी कधी घाटाची खालची बाजूसुद्धा पाहिली नव्हती, त्या म्हाताऱ्यांना लीड्स शहरातल्या घरमालकिणीचा स्वभाव पाठ होता.

महिपती इंजिनेरी शिकायला गेला त्याला सात वर्षं होत आली होती. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा मोजणीच्या साहेबाला त्याची हुशारी दिसली, साहेबानं शिफारस केली, आणि बोटीत बसायच्या आधी तो आठ दिवस घरी येऊन राहिला. सरू तेव्हा वीस वर्षांची होती. लग्न तेराव्या वर्षी झालेलं, पण नवरा पुण्याच्या बोर्डिंगात. तेव्हा त्या आठ दिवसांचाच काय तो संसार. सासरा पुढच्याच साली गेला. तेव्हापासून घरात दोघीच. सासू आणि सून, दोन बैल, आणि सरूच्या कोंबड्या.

तो येणार कधी, हे गाव विचारत नसे. आधी विचारायचं. नंतर नंतर पत्र संपलं की माणसं धोतर झटकून उठायची आणि कुस्तीबद्दल बोलत जायची.

विचारायचा तो एकटा सोपान. सरूचा थोरला भाऊ, करंजगावचा. दोन वर्षांपूर्वी तो कार्ल्याचं स्थळ घेऊन आला होता. पंचांसमोर काडी मोडायची आणि दुसऱ्या घरी पाट लावायचा, ही रीत जातीत होती. मोठी घरं नाक मुरडायची, पण अडवायची नाहीत. कार्ल्याचा गडी बायको वारलेला, शांत. सरूनं त्याला कामशेतच्या बाजारात एकदा पाहिलंही होतं. तिची पाटी डोईवर चढवायला त्यानं हात दिला होता आणि हात दिल्यावर उगाच थांबला नव्हता. सोपान उत्तर न्यायला यायचा, त्याच्या चार दिवस आधी महिपतीचं पत्र आलं: पावसाळ्याच्या आत येतो. सरूनं भावाला नाही म्हणून सांगितलं. पावसाळा आला, गेला, त्यावर आणखी एक झाला. कार्ल्याच्या माणसानं दुसरी बायको केली.

आता बुधवारी सोपानचा निरोप आला होता. वडगावचं एक घर आहे; सोमवारी येतो; ही शेवटची खेप, ह्यानंतर मी ह्या दारात पाय ठेवणार नाही. आणि गुरुवारी संध्याकाळी हे कुस्त्यांचं पत्र.

शनिवारी सकाळी सरू भाताच्या कोंड्यात अंडी रचत होती तेव्हा तिचं मन हलकं होतं. आखिती म्हणजे तीन-साडेतीन महिने. सात वर्षं काढली तिथं साडेतीन महिन्यांचं काय! सोपानला काय सांगायचं, ते तिनं मनाशी तीनदा बोलूनही पाहिलं होतं. कस्तुराबाईनं तिच्या फडक्यात भाकरी बांधली, भाकरीवर लसणाची चटणी जरा जास्तच घातली, आणि लवकर ये म्हणाली. हेही ती दर शनिवारी म्हणायची.

तीन कोस चालून कामशेत, आणि तिथून विजेवरच्या, बिनधुराच्या नव्या गाडीनं लोणावळा. बाजाराच्या मागच्या गल्लीत नूरमहंमदची बेकरी होती. बंगल्यांना आणि स्टेशनला पाव जायचा तो त्याच्याकडून, आणि त्याला अंडी जायची ती सरूकडून. जर्मनच्या लढाईत नूरमहंमद विलायतेला जखमी शिपायांच्या इस्पितळात दोन वर्षं भटारखान्यात होता. अख्ख्या लोणावळ्यात त्याच्या त्या दोन वर्षांबद्दल ऐकून घेणारं गिऱ्हाईक आता एकच उरलं होतं, आणि ते टाकव्याहून दर शनिवारी अंडी घेऊन यायचं.

सरूच्या मनात शंका नव्हती. तिला मिरवायचं होतं. अंडी टोपलीत उतरवता उतरवता तिनं विचारलं, की भाऊ, तिकडच्या जत्रेत नारळ असतो का हो.

"असतो की," नूरमहंमद म्हणाला. "नारळाशिवाय त्यांची जत्रा नाही."

आतून त्याच्या बायकोचा, ताजुन्निसाचा, आवाज आला, की झालं, निघाली बोट. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. पिठाचे हात फडक्याला पुसून तो पुढं आला. सरूला त्याचं तोंड पाहूनच बरं वाटलं. नारळ असतो. मग सगळंच असणार.

तो रंगात येऊन सांगू लागला. काठ्या पुरून त्यांच्या डोक्यावर नारळ ठेवायचे. लांबून लाकडी चेंडू मारायचा. पाडला तर नारळ तुझा. त्यानं स्वतः एक पाडला होता आणि इस्पितळात नेऊन वॉर्डातल्या एका कोकणातल्या पोराला दिला होता. तो पोरगा नारळ उशाशी घेऊन रडला. लाकडी घोडे असतात, ते वाफेवर गरगर फिरतात. बायाबापड्या किंचाळत बसतात त्यांवर.

"आन् कुस्ती?" सरूनं विचारलं. "पयली कुस्ती नारळाची आसती ना? पोरांची?"

नूरमहंमद हसला. छातीतून, मोकळं हसला. "कुस्ती कुठली तिथं, ताई? नारळाची कुस्ती आपली. ती टाकव्याला, नाहीतर वडगावला. तिथल्या माणसाला नारळाची कुस्ती सांगितली तर माणूस नारळाशी झोंबला असं तो समजेल."

सरूही हसली. अंड्यांना लागलेला कोंडा बोटानं पुसत हसली. मग ती म्हणाली, की आमच्याकडं पत्र आलंय, आताच, परवा. गेल्या महिन्यात तिकडं मोठी जत्रा भरली होती म्हणून. गाड्या सोडायला जागा नव्हती.

"गेल्या महिन्यात?"

"व्हय."

नूरमहंमदचा हात फडक्यावर थांबला. गेल्या महिन्यात म्हणजे नाताळाच्या तोंडावर. तेव्हा तिथं काय असतं, ते त्याला चांगलं आठवत होतं. चार वाजता दिवे. पाण्याच्या बादलीवर सकाळी बर्फाचं झाकण. माणूस कामावरून आला की दार लावून घेतो ते सकाळीच उघडतो. जत्रा उन्हाळ्याची. हे सगळं त्याच्या तोंडावर आलं आणि तिथंच राहिलं. सरू ते वाचत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तोंड वाचता येत होतं.

"पत्र वाचतं कोण?" त्यानं विचारलं.

"मास्तर."

"लीड्स मी काही पाहिलेलं नाही, ताई," तो घाईघाईनं म्हणाला. "मी दर्याच्या काठी होतो. तिकडं वर वेगळी रीत असेल. मोठा मुलूख आहे."

ताजुन्निसा आतून बाहेर आली होती. तिनं एकदा नवऱ्याकडं, एकदा सरूकडं पाहिलं, आणि न सांगता पावशेर नानकटाई कागदात बांधली. सरूनं नको म्हटलं नाही. घेतली, आणि पाटीत ठेवताना ती अंड्यांच्या जागी, कोंड्यात, नीट रुतवून ठेवली, जशी फुटणारी वस्तू असावी.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. डोंगर मागं जात होते. तिला महिपतीची पहिली पत्रं आठवत होती. चार-पाच वर्षं यायची ती. आखूड असायची. 'येथे सूर्य दिसत नाही. घरमालकीण आठवड्यातून एकदा आंघोळीला ऊन पाणी देते आणि सात दिवस त्याची आठवण करून देते. शनिवारी सारे गाव चेंडूचा खेळ पाहावयास जाते, पावसात दोन तास उभे राहून ओरडते, आणि घरी परतताना कोणी कोणाशी बोलत नाही.' एकदा त्यानं कळवलं होतं, की तळं गोठलं, आणि बायका-पुरुष पायांत लोखंडी पाती बांधून त्यावरून घसरत फिरले. त्यात कॉलेजातला एक म्हातारा प्रोफेसर पालथा पडला, पण हसलं कोणी नाही. ओसरीवर या पत्राचा फार अपमान झाला होता. पाणी घट्ट होईल तर होईल, ते साहेबाचं पाणी. पण एवढा मोठा माणूस पालथा पडला आणि कुणी हसलं नाही, हे काही खरं असू शकत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. बोर्डिंगच्या जेवणानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, इथपर्यंत बोलणं गेलं.

मग दोन वर्षांपूर्वी पत्रं लांब झाली. त्यांत नाचाचा फड आला, ढोलकीवाला चांगला होता. मोठा पाळणा आला. घोड्यांची शर्यत आली, आणि शर्यत सुटताना निशाणवाला आडवा पडला तेव्हा माणसं पोट धरून हसली. तेव्हा गाव खूश झालं. पोरगं आता माणसांत आलं, म्हणाले लोक. खऱ्या पत्रांना गावानं खोटं पाडलं होतं. आणि ही... सरूनं बोटं मोजली. नाच, शर्यत, पाळणा, आधीचं एक पावसाळ्याच्या आत येतो म्हणणारं, आणि हे कुस्त्यांचं. पाच. प्रत्येक खेपेला, पत्राच्या आगंमागं, करंजगावचा निरोप आलेला होता.

कामशेतला ती उतरली. बाजार उठत होता. पाटी तिनं आपली आपण डोईवर घेतली.

रस्त्यानं ती मास्तरांना काय काय बोलायचं ते ठरवत चालली. पांढऱ्या टोपीचा माणूस. देवाच्या पायरीशी वाकावं तसं गाव त्याच्यासमोर वाकतं. आणि त्यानं ओसरीवर बसून, चष्मा लावून, एका बाईच्या तोंडावर हे करावं? त्याला काय मिळालं त्यात? शाळेच्या दाराशी उभं राहून, पोरांसमोर विचारायचं, असं तिनं ठरवलं. नदीच्या उतारावर तिनं पाटी खाली ठेवली, पाण्यात पाय घातले, आणि तिथं तिला पाळण्याचं पत्र पुरतं आठवलं.

'येथे मोठ्या पाळण्यात बसलो. पाळणा वर गेला तेव्हा सरूच्या डोईवरचा पदर उडाला होता, त्याची आठवण झाली.'

ते वाक्य तिनं वर्षभर जपलं होतं. भात लावताना, कापताना, जात्यावर. माणूस सात समुद्रांपलीकडं बसला आणि आपला पदर आठवतो! लग्नाच्या पहिल्या साली एकविरेच्या जत्रेत ती सासूबरोबर गेली होती. बांगड्यांचे पैसे मुठीत होते. ते तिनं पाळणेवाल्याला दिले, आणि वर गेल्यावर पदर उडून मोकळ्या डोक्यानं सगळ्या मुलखासमोर आनंदानं ओरडली. खाली उतरली तर कस्तुराबाई उभी. तिनं पदर डोईवर सारखा केला, आपल्या पैशानं बांगड्या भरून दिल्या, आणि वाटेत म्हणाली, की हे तुझ्यात आन् माझ्यात; घरात कुनाला कळता कामा नये.

महिपती तेव्हा पुण्याला होता. पत्र ऐकलं तेव्हा सरूला वाटलं होतं, की सासूनं, आत्यानंच, पुढं कधीतरी त्याला हसत हसत सांगितलं असेल.

पाय पाण्यात गार पडले तरी ती बसून राहिली. मास्तर वाचताना हलणारे म्हातारीचे ओठ तिला दिसत होते. ते मास्तरांच्या मागून हलत नव्हते. थोडे पुढं हलत होते.

शाळा वाटेतच होती. मास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते. तिला बघून ते अर्धवट उठले. ती थांबली नाही. पुढं बयाबाई गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापत होती. तिथं मात्र सरू थांबली.

"मावशी, तुमास्नी म्हाईत व्हतं?"

बयाबाईनं हातातली गोवरी भिंतीवर मारली, ती नीट बसली नाही, पुन्हा काढून मारली.

"मला काय म्हाईत न्हाई, बाई," ती म्हणाली. "मी आपली कानाशी कुरकुर करायचे. त्येच्यापल्याड माजं तोंड न्हाई. घरला जा. म्हातारीनं पानी तापिवलंय."

म्हणजे सगळ्यांना. वाटेवर जे जे कोणी भेटलं त्यांनी लोणावळ्याची हालहवाल विचारली, आणि ती उत्तरं देत गेली.

कस्तुराबाई ओसरीच्या कडेला पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. ऊन भिंतीवरून वर चढलं होतं. शनिवारी सरू येते तेव्हा पायांना शेक म्हणून ती घंगाळात कढत पाणी काढून ठेवायची. ते ठेवलेलं होतं, वर वाफ होती. तिनं मान वर न करता विचारलं, की उशीर का झाला, गाडी चुकली का, भाकरी पुरली का. मग विचारलं, की अंडं फुटलं का एखादं.

सरूनं पाटी उतरवली. घंगाळाजवळ गेली नाही. सासूच्या समोर, पण नेहमीपेक्षा हातभर लांब बसली, आणि शेंगांच्या ढिगातली एक मूठ ओढून सोलायला लागली.

"आत्या," ती म्हणाली, "फुडल्या कागदात त्येनला कसला खेळ दावायचा?"

"कुनाला गं?"

"तुमच्या लेकाला. कुस्ती झाली, पाळना झाला. सोंगं ऱ्हायली अजून. भारूड ऱ्हायलं. आखितीला तर यायचं न्हाई, मंग मास्तर काय तरी लिवतीलच."

शेंग फुटल्याचा आवाज आला, आणि आणखी एक. कस्तुराबाईचे हात चालूच होते. फक्त दाणे सुपात पडायचे ते आता टरफलात पडत होते आणि टरफलं सुपात.

"मास्तराला बोलू नगंस," ती म्हणाली. "त्यो नगंच म्हनत व्हता. मी पाया पडले त्येच्या. मास्तरच्या पाया पडले मी, सरू."

"नारळाची कुस्ती तुमीच सांगितली?"

"मला काय म्हाईत तितं काय आस्तंय? त्येनं लिवलेलं कुनाला पटायचं न्हाई. मंग म्हनलं, आपल्याला पटंल आसं सांगावं."

हे इतकं खरं होतं की सरूला हसू आलं, आणि आलेलं हसू तोंडातच कडू झालं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"माजा पदरबी घातला त्येच्यात."

कस्तुराबाई सुपात पडलेली टरफलं वेचून काढायला लागली.

"त्यो तुमच्यात आन् माज्यात व्हता, आत्या."

म्हातारीनं लुगड्याचा पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. तिनं पदरानं ओठ पुसले, जणू काही खाल्लं होतं. मग ती हळूहळू, सरूकडं न बघता, अंगणातल्या कोंबड्यांना सांगावं तशी बोलत गेली. सोपान येतो म्हटलं की ती मास्तरांचं दार गाठायची. सरू गेली तर ह्या घरात दिवा कुणासाठी लावायचा? मुलगा एक दिला साहेबाला. सुनेलाही भावानं न्यायचं. एवढा एकच पावसाळा, एवढं एकच भाताचं पीक, असं करत करत दिवस ढकलायचे होते. पुढं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"कार्ल्याच्या मानसाला पोरगी झाली," सरू म्हणाली. "आठ म्हैन्याची हाय."

"म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय."

कोंबड्या खुराड्याकडं जमू लागल्या होत्या. त्यांना आत घालायची वेळ झाली होती, आणि ते रोजचं काम सरूचं होतं. ती उठली नाही. तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला आणि कुंकवापाशी येऊन थांबला.

"खेळ ऱ्हाऊ द्या, आत्या. येकच सांगा. ह्ये मी लावू का पुसू?"

कस्तुराबाईनं एकदम वर पाहिलं. सून काय समजून बसली, ते तिला कळलं.

"लाव, लाव. आसं बोलू नगं. जिता हाय त्यो. बरा हाय. मोठ्या जागंवर हाय."

"मंग?"

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. दोन्ही हात जमिनीला टेकून ती उठायला लागली, अर्धी उठली, आणि आत जाऊन ट्रंकेत ठेवलेला लेकाचा कागद काढायचा का घंगाळातलं पाणी निवलं ते बघायचं, हे ठरत नसल्यासारखी तशीच वाकून राहिली. मग परत खाली बसली. सरूच्या जवळ, हातभर अंतर मोडून.

"त्येनं तितं लगीन केलंया," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. तवाच लिवलं व्हतं त्येनं, सरूला मोकळी करा, तिचा काय गुन्हा न्हाई, सोपानला बोलवून तिचं नीट लावून द्या म्हनून. त्येनं तुला कवाच सोडली व्हती, सरू. म्या सोडली न्हाई."